दोऱ्यानं मोजलेली कराची

कराचीच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेघेत सुमारे साडेपाचशे मैल भरतात. विमान तासाला सव्वाशे मैल जात असेल, तर साडेचार तासांच्या आत पोचतं. हे मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ज्या दिवशी सांगायला हवं होतं, त्या दिवशी मात्र मी अकराशे मैल आणि नऊ तास सांगितले. तेही तोंडी नव्हे, फळ्यावर खडूनं लिहून आणि खाली दोन रेघा ओढून.

लढाईची वर्षं होती. कामथडीच्या पलीकडे एका लहानशा गावात मी शाळामास्तर होतो. चार इयत्ता, एक खोली, एक फळा आणि भिंतीवर हिंदुस्थानचा मोठा नकाशा. बाकी कशाचा नसला तरी त्या नकाशाचा मला फार गर्व होता. पंचक्रोशीत तसा दुसरा नव्हता, आणि तो वाचता येणारा माणूसही दुसरा नव्हता असं मी धरून चाललो होतो.

मी मूळचा डोंगरातला, विंझरच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. पुढच्या शिक्षणाला भोरला होतो. नकाशात विंझर आणि भोर यांच्यामध्ये जेमतेम एका बोटाचं अंतर दिसतं. प्रत्यक्षात मध्ये राजगडाचा डोंगर आडवा पडलेला. खिंड चढायची, पलीकडे उतरायचं, ओढ्याला पाणी असलं की उतार सापडेपर्यंत काठाकाठानं वर जायचं. सुट्टी संपवून पहाटे घरून निघालेला मी दिवेलागणीला भोरात पाय ठेवायचो. तेव्हाच मी मनाशी एक रीत ठरवून टाकली. नकाशावर दोरा लावून मोजायचं आणि जे येईल त्याची दुप्पट करायची. आमच्या मुलखात ही रीत मला कधी खोटी पडली नाही. महाड किती, जेजुरी किती, असं कुणी विचारायला आलं की मी दोरा काढी, मोजी, दुप्पट करी आणि सांगी. माणसं जाऊन येत आणि म्हणत, मास्तरांनी सांगितलं तेवढंच भरलं. हळूहळू मी जरा चढेल झालो. जरा कसला, चांगलाच झालो.

गावाबाहेर माळावर धनगराचं एक बिऱ्हाड होतं. म्हातारा, म्हातारी, थोरला लेक, सून आणि दीडशेच्या आसपास मेंढरं. पावसाळाभर ती मंडळी माळावर असत. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, हलवून वेल्ह्यावरून मढे घाटानं कोकणात उतरत आणि मृगाच्या आधी परत येत. वाटेतले शेतकरी आपापल्या शेतात मेंढरं बसवून घेत. रात्रभर कळप शेतात बसला की तेवढं खत आयतंच पडतं. कुठल्या शेतात कुठल्या दिवशी बसायचं, हे आदल्या वर्षीच बोलून ठेवलेलं असे. दिवस चुकला की शेतकरी दुसऱ्याचा कळप बसवून मोकळा.

त्यांचा धाकटा लेक माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला होता. पुढं तो लष्करात गेला आणि एका साहेबाचा ऑर्डर्ली म्हणून कराचीला होता. दोन वर्षांत त्याला रजा मिळाली नव्हती.

कार्तिकातल्या एका रविवारी म्हातारा-म्हातारी दोघं शाळेच्या ओट्यावर आली. शेजारच्या शिवरे गावचा एक शिपाई कराचीहून रजेवर आला होता, त्याच्या हाती लेकानं चिठ्ठी धाडली होती. लष्करातल्या जाण्यायेण्याचं टपालात लिहायला बंदी होती, म्हणून हातोहात.

"वाचा बगू मास्तर," म्हातारी म्हणाली. "शिवऱ्याच्या पोरानं नुसतीच आणून दिली. त्येला वाचाया येत न्हाई."

मी वाचली. सोमवारी सकाळी दहा वाजता साहेबाबरोबर विमानात बसतो. मुंबईत उतरलो की दुसरा दिवस मोकळा मिळणार आहे, मग बोटीनं लांब जायचं आहे. त्या मोकळ्या दिवशी घरी येऊन भेटून जातो. विमान तासाला सव्वाशे मैल पळतं.

म्हातारी हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. म्हातारा मात्र हिशेबाला लागला होता.

"मास्तर, आमचं मंगळवारी पहाटं निगायचं ठरलंय," तो म्हणाला. "येक दिस मागं सारता यील. येल्ह्याचा पाटील येक दिस कळ काढंल, दोन दिस न्हाई काढायचा. तवा येवढंच सांगा, पोरगं मंगळवारी हितं येतंय का?"

प्रश्न इतका साधा होता. एव्हाना ओट्याशी सात-आठ माणसं जमली होती. विमानानं येणारा माणूस आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. मी नकाशा काढून ओट्यावर पसरला. वाकळ शिवायचा दोरा मागवला. एक टोक कराचीवर, दुसरं मुंबईवर. दोरा पट्टीवर ठेवून मोजला आणि फळ्यावर लिहिलं, साडेपाचशे. माणसं बघत होती. मग हाताला जी सवय होती ती हातानं केली. "आणि वाटेची वळणं धरून दुप्पट, अकराशे," असं म्हणत मी तोही आकडा लिहिला.

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. डोंगराखालची माणसं, वाट म्हटली की वळणं आलीच. एकानं तर मानही डोलावली. फक्त म्हातारा म्हणाला, "मास्तर, त्ये तर वरनं जातंय न्हवं? मग त्येला वळणं कशापायी?"

मला राग आला. चार माणसांत, माझ्या नकाशापुढं, मेंढरामागं फिरणारा हा माणूस मला विचारतो! मी म्हणालो, "बाबा, गणित तुम्ही करताय का मी करतोय?"

सगळे हसले. म्हातारी सगळ्यांत जास्त हसली आणि म्हाताऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "गप बसा की वो. तुमाला मेंढरं मोजाया येत्यात, तेवढी मोजा." म्हाताराही हसला.

पुढचं सगळं मी ठणठणीत आवाजात सांगितलं. अकराशे मैलांना नऊ तास. दहाला निघालेलं विमान मुंबईला संध्याकाळी सातला. कार्तिकात सहाला अंधार पडतो आणि अंधारात विमान उतरत नाही, असं मी कुठंतरी वाचलेलं होतं. म्हणजे वाटेत अहमदाबादेला मुक्काम. मुंबई मंगळवारी. मोकळा दिवस बुधवार. रात्रीच्या गाडीनं पुणं धरलं तर इथं तो बुधवारी दुपारी.

"म्हंजी मंगळवारी न्हाई," म्हातारा म्हणाला.

"मंगळवारी येणं शक्यच नाही. मंगळवारचा दिवस तुम्ही उगाच घालवाल. थांबायचं तर बुधवारपर्यंत थांबा, नाहीतर जा."

बुधवारपर्यंत थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. ती दोघं उठली. म्हातारी जाताना म्हणाली, "मास्तर, तो आला की त्येला भाकरी घाला." मी घालीन म्हणालो.

मंगळवारी पहाटे त्यांचा वाडा हलला. कुत्र्यांचा आणि घंटांचा आवाज मी अंथरुणात ऐकला. दहाच्या सुमाराला मी मुलांना भूगोल शिकवत होतो, तेवढ्यात आभाळात घरघर सुरू झाली. पुण्याकडून विमानं त्या दिवसांत अधूनमधून जात. मुलं नेहमीसारखी बाहेर पळाली, मीही त्यांच्यामागं गेलो. विमान पश्चिमेला चाललं होतं. ज्या डोंगराला वळसा घालायला मला अर्धा दिवस लागतो, त्याच्यावरून ते सरळ गेलं. ना थांबलं, ना वळलं. मुलं हात हलवत होती आणि मला म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला. त्ये तर वरनं जातंय न्हवं?

आत येऊन मी पाटीवर पुन्हा मांडलं. साडेपाचशे मैल, साडेचार तास. अडीच वाजता मुंबई, उजेडात. म्हणजे तो कालच उतरला होता. मोकळा दिवस आज. तो आजच येणार होता, कदाचित या घटकेला पुण्यात मोटारीत बसलेला होता.

कळपाची चाल ती किती असणार! पहाटे निघालेली मेंढरं दहापर्यंत दीड कोसाच्या पुढं गेलेली नसणार. मी धावत गेलो असतो तर तासाभरात गाठली असती. म्हातारा-म्हातारीला तेवढं मागं आणलं असतं, कळप थोरल्यानं पुढं नेला असता. हे सगळं मला तेव्हाच सुचलं होतं. मागाहून सुचलं असतं तर मी आज इतका वाईट ठरलो नसतो. मी मनाशी म्हणालो, शाळा अशी उघडी टाकून जाता येत नाही. म्हणालो, मोटार चुकली असेल, तो येणारही नाही. खरं कारण एवढंच होतं, की रविवारी ज्याच्यावर मी सगळ्यांना हसवलं, त्याच्यापुढं धापा टाकत जाऊन 'तुमचं बरोबर होतं' म्हणायला माझी जीभ तयार नव्हती. मी मुलांना नद्यांची नावं घोकायला लावली आणि खिडकीकडे पाठ करून बसलो.

एक वाजता तो आला. खाकी कपडे, धुळीनं भरलेले बूट. दारात उभा राहून त्यानं मला नमस्कार केला. आधी माळावर जाऊन आला होता.

"गुरुजी, चिठ्ठी पोचली न्हाई व्हय?"

"पोचली."

"मग थांबली न्हाईत?"

"मेंढरं बसवायची होती ना त्यांना, दिवस ठरलेला होता," मी म्हणालो. यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या खऱ्या शब्दांनी मी सगळा दोष त्याच्या आईबापावर लोटला.

त्यानं वळून माळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चारची मोटार धरली न्हाई तर मुंबईची गाडी चुकंल. चारच्या आत जाऊन यीन. किती लांब गेली असतील, गुरुजी? तुमी सांगा, तुमास्नी बराबर कळतं."

मला कळत होतं. कळपाची चाल, निघायची वेळ, वाट, सगळं ठाऊक होतं. दोन, फार तर अडीच कोस. शिपाईगड्याला सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. पण मला आकडा उच्चारायचीच भीती बसली होती. एकदा चुकलो, पुन्हा चुकलो आणि याची बोट गेली तर? ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी, की तो तिथं पोचला तर म्हातारा त्याला रविवारची हकिगत सांगणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

मी भाकरी घातली, ती त्यानं खाल्ली. मग उठून पुन्हा माळावर गेला. शाळेच्या दारातून मला तो दिसत होता. जिथं त्यांचा वाडा होता तिथं तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. साडेतीनला उठून सडकेकडे गेला. भोरहून पुण्याला जाणारी मोटार तेव्हा कोळशावर चालायची, ती अर्धा तास उशिरा आली. तेवढा वेळही तो सडकेवर उभा होता.

फाल्गुनात त्याचं पत्र आलं. आईच्या नावचं, पण टपाल माझ्याकडे येई. ती मंडळी कोकणात, त्यामुळे पत्र माझ्या पेटीत राहिलं. मी ते उघडून वाचलं. वाचायला नको होतं, तेही लिहून ठेवतो.

मृगाच्या आधी माळावर वाडा परत आला. म्हातारा नव्हता. माघात कोकणात तापानं गेला होता. म्हातारी कपाळ उघडं घेऊन ओट्यावर येऊन बसली. 

"पोरगं आलं हुतं का वो, मास्तर?"

"आलं होतं."

"कवा?"

ही वेळ होती. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. "बुधवारी दुपारी," मी म्हणालो.

तिनं मोठा श्वास सोडला. "तुमी म्हनला तसंच की. ह्यांनी त्या दिशी लई तरास दिला. दोन कोस गेलो न् बसलं खाली. म्हनं, आज पुडं जायाचं न्हाई, पोरगं मागनं यील. सांज हुस्तवर वाटंकडं बगत बसलं." मग म्हणाली, "त्येचं पत्र असंल तर वाचा."

दोन कोस. मी सांगू शकत होतो तेवढेच. मी पेटीतून पत्र आणलं आणि वाचलं. मंगळवारच्या जागी बुधवार म्हणालो आणि त्यापुढची तीन वाक्यं गाळली. आवाज जराही अडखळला नाही. तिनं पत्र घेऊन कपाळाला लावलं, चोळीत ठेवलं आणि मला म्हणाली, "तुमी हायसा म्हून आमास्नी आधार हाय." तिच्या घरचं लोणी त्या पावसाळ्यात दोनदा माझ्या घरी आलं. मी ते घेतलं.

पुढं तीन वर्षं त्याची पत्रं येत राहिली. कुठून ते काळ्या शाईनं पुसलेलं असे. ती पत्रं मी वाचली, तिची उत्तरं मी लिहिली. त्यांतल्या एकाही पत्रात मी कानामात्रेचा फरक केला नाही. उलट इतकं जपून वाचत असे, की त्यानं दोनदा लिहिलेला शब्द दोनदा वाची. गावात त्या दिवशी त्याला पाहिलेले दोघं-तिघं होते, पण इतक्या महिन्यांपूर्वीचा वार कुणाच्या ध्यानात राहतो? त्या विसरण्यावरही मी भरवसा ठेवला होता.

लढाई संपली आणि पुढच्या पावसाळ्यात तो सुटून घरी आला. मी दोन दिवस माळाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी, मुलं जेवायला घरी गेलेली असताना म्हातारी एकटीच शाळेत आली. ओट्यावर न बसता आत आली, मुलांच्या जागी जमिनीवर बसली आणि कमरेचं फडकं सोडलं. त्यात सगळी पत्रं होती, एकावर एक, नीट. सगळ्यांत खालचं काढून तिनं माझ्यापुढं ठेवलं.

"वाचा."

"मावशी, लेक घरी आलाय. तो वाचून दाखवील."

"त्यो वाचंल. पर मला ही पत्रं तुमच्या आवाजात पाठ हायती. तुमीच वाचा, आन लिवलंय त्येच वाचा."

मी वाचलं. मी मंगळवारी दुपारी आलो. माळावर कुणी नव्हतं. चुलीतली राख अजून ऊन होती. गुरुजींना विचारलं, किती लांब गेले असतील, तर ते म्हणाले सांगता येत नाही. आबांना म्हणावं, पुढच्या खेपेला आधी तार करीन.

वाचून झाल्यावर मी पत्र खाली ठेवलं.

"त्यो म्हातारा मरस्तवर म्हनत हुता," ती म्हणाली, "पोरगं मंगळवारीच आलं आसंल. म्या त्येला येड्यात काढला. मास्तरापरीस तुमाला जास्ती कळतं व्हय, म्हनलं. त्या तापात म्हनलं."

मी तिची क्षमा मागितली. गणित चुकलं म्हणालो, तिथून सगळं झालं म्हणालो.

"गणिताचं काय न्हाई," ती म्हणाली. "चुकतंय मानसाचं." मग तिनं फडक्यातलं दुसरं पत्र उचलून माझ्यापुढं ठेवलं.

"मावशी, देवाशपथ सांगतो, त्या एका पत्राशिवाय मी कुठं काही बदललेलं नाही."

"वाचा."

मुलं परत आली, तरी ती उठली नाही. मी त्यांना घरी धाडलं. दुपारभर मी तिची पत्रं वाचत होतो. मी बरा आहे. इथं पाऊस फार आहे. तुझ्या हातच्या कालवणाची आठवण येते. प्रत्येक ओळ संपली की ती माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "ह्ये त्येचं, का तुमचं?" आणि प्रत्येक ओळीला मी "त्याचंच" म्हणत होतो आणि तिला ते खरं वाटत नव्हतं.